टेबलाच्या पलीकडे उभा असलेला डॉक्टर

वालूरला घरी गेलो की कोणाची ना कोणाची फाईल माझ्यासमोर येतेच. माझं एम.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्रात झालं आणि पीएच.डी. मात्र वैद्यकीय निष्काळजीपणाच्या खटल्यांवर चालू आहे, हे घरच्यांना नीट सांगता आलेलं नाही. त्यांच्या लेखी मी अर्धा डॉक्टर आणि अर्धा वकील. मागच्या खेपेला मावशीचं डिस्चार्ज कार्ड आलं. दुर्बिणीतून पित्ताशय काढलं होतं, तिसऱ्या दिवशी घरी सोडलं, सगळं व्यवस्थित. कार्डावर तीन नावं होती: सर्जन, असिस्टंट सर्जन आणि भूलतज्ज्ञ. मावशीने मधल्या नावावर बोट ठेवलं.

"हे कोण रे? मी तर ह्यांना बघितलंच नाही. समजा काही उलटसुलट झालं असतं, तर ह्यांनाही विचारता आलं असतं का?"

मी म्हणालो, हो. आणि मग गप्प बसलो, कारण हे "हो" कोणत्या निकालाच्या आधारावर, ते मला पटकन सांगता येईना. हा लेख त्या शोधातून झाला.

आधी टेबलाजवळचं चित्र बघू. सर्जन एका बाजूला उभा असतो आणि बहुतेक वेळा मदतनीस सर्जन त्याच्या समोर. तो ऊती बाजूला धरून ठेवतो, रक्त टिपतो, टाके कापतो, कधी शेवटचं शिवणकाम पूर्ण करतो. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत बऱ्याचदा कॅमेरा त्याच्याच हातात असतो, म्हणजे मुख्य सर्जनला पडद्यावर तेवढंच दिसतं जेवढं मदतनीस दाखवेल. सरकारी रुग्णालयात हा बहुधा निवासी डॉक्टर असतो, म्हणजे तुमच्याआमच्यासारखाच शिकणारा, गाईडच्या हाताखाली काम करणारा. पेपरमधला आकडा चुकला तर पहिला लेखक जबाबदार की करस्पॉन्डिंग लेखक, हा आपल्या लॅबमधला वाद. तोच वाद तिथे रक्ताच्या डागांसकट चालतो.

कायद्याने या प्रश्नाला सुरुवातीला दिलेलं उत्तर सोपं होतं: थिएटरमध्ये सर्जन राजा. १९०९ च्या हिलियर विरुद्ध सेंट बार्थोलोम्यूज हॉस्पिटल या इंग्लिश खटल्यात रुग्ण स्वतः डॉक्टर होता. भूल दिलेल्या अवस्थेत तपासणी चालू असताना त्याचा हात भाजला. न्यायालयाने रुग्णालयाला सोडलं. थिएटरचं दार बंद झालं की आतल्या नर्सेस रुग्णालयाच्या नव्हे, तर सर्जनच्या हुकमाखाली जातात, असं त्यामागचं म्हणणं. पुढे १९४९ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या न्यायालयाने याच कल्पनेसाठी जहाजाच्या कप्तानाची उपमा वापरली आणि "कॅप्टन ऑफ द शिप" हे नाव रूढ झालं. या चौकटीत मदतनीस हा कप्तानाचा एक जादा हात. हाताला वेगळी जबाबदारी कसली?

ही चौकट मोडली ती १९५१ च्या कॅसिडी खटल्याने. हाताची दोन बोटं आखडली म्हणून एक माणूस ऑपरेशनला गेला आणि चार बोटं निकामी होऊन बाहेर आला. पूर्णवेळ नोकरीतला डॉक्टर, हाउस सर्जन, नर्सेस अशा अनेकांचे हात त्याला लागले होते. नेमकी कोणाची चूक, हे तो सांगू शकत नव्हता. अपील न्यायालय म्हणालं, त्याने ते सांगायची गरज नाही. ही सगळी रुग्णालयाची माणसं आहेत, तेव्हा खुलासा रुग्णालयाने करावा. नोकराच्या कामातल्या चुकीची भरपाई मालकाने द्यायची, यालाच व्हायकेरियस लायबिलिटी म्हणतात. रुग्णाच्या दृष्टीने हा मोठाच दिलासा होता. पण संशोधक म्हणून इथे एक खूण करून ठेवा: "कोणाचा हात?" हा प्रश्न या निकालाने सोडवला नाही, तो विचारायची गरजच काढून टाकली.

आता आपल्याकडे येऊ. भारतातल्या वैद्यकीय निष्काळजीपणाच्या कुठल्याही पुस्तकात सुरुवातीलाच जो खटला भेटतो तो पुण्याचा आहे: डॉ. लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध डॉ. त्रिंबक बापू गोडबोले. मे १९५३ मध्ये डॉ. गोडबोल्यांचा वीस वर्षांचा मुलगा कोकणात पालशेतला अपघातात सापडला आणि त्याच्या मांडीचं हाड मोडलं. पायाला फळ्या बांधून त्याला टॅक्सीने पुण्याला आणलं. ९ मे रोजी डॉ. जोशींच्या रुग्णालयात हाड ओढून बसवण्यात आलं, प्लास्टर घातलं, आणि त्याच रात्री मुलगा गेला. भूल न देता, फक्त मॉर्फियाच्या अमलाखाली, तीन मदतनिसांकरवी जोर लावून पाय ओढल्याने बसलेला धक्का हे मृत्यूचं कारण न्यायालयांनी मानलं. मे १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डॉ. जोशींचं अपील फेटाळलं. भरपाई होती ३,००० रुपये.

हा खटला शिकवताना सगळे डॉक्टरच्या तीन कर्तव्यांपाशी थांबतात: रुग्ण घ्यायचा की नाही हे ठरवताना काळजी, उपचार कोणता हे ठरवताना काळजी, तो देताना काळजी. बरोबरच आहे, परीक्षेत तेच येतं. पण निकालपत्र सावकाश वाचलं तर त्यात डॉ. इराणी नावाचे सहायक भेटतात. मॉर्फिया आणि हायोसिन एच.बी.ची दोन इंजेक्शनं तासाभराच्या अंतराने द्या, असं त्यांना सांगितलेलं होतं. त्यांनी एकच इंजेक्शन दिलं. आणि पाय ओढणारे ते तीन मदतनीस? त्यांचे हात निकालात आहेत, पण शीर्षकात फक्त जोशी आणि गोडबोले. मी हा निकाल एम.एस्सी. नंतर पहिल्यांदा वाचला तेव्हा डॉ. इराणी माझ्या नजरेतून पूर्ण सुटले होते. दुसऱ्या वाचनात दिसले. तेव्हापासून मी वहीत एक वेगळा रकाना ठेवतो: मजकुरात आहे, शीर्षकात नाही.

आता मराठवाड्यातला खटला. यावर मी थोडा जास्त रेंगाळणार आहे, कारण हा आमच्या भागातला आहे आणि माझ्या मते आपल्या प्रश्नाच्या सर्वांत जवळ जाणाराही. १९६३ साली मराठवाड्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय एकच होतं, औरंगाबादचं (आजचं छत्रपती संभाजीनगर), तेही १९५६ पासूनचं. अंबाजोगाई आणि नांदेडची महाविद्यालयं नंतरची. या महाविद्यालयाला जोडलेल्या प्रसूती रुग्णालयात अच्युतराव हरिभाऊ खोडवा यांच्या पत्नी दाखल झाल्या. १० जुलै १९६३ ला मुलगा झाला. १३ जुलैला, आधी ठरल्याप्रमाणे, कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. लगेच ताप चढला आणि पोटात असह्य दुखू लागलं. १५ तारखेला पतीच्या आग्रहावरून मुख्य रुग्णालयातल्या एका नामवंत सर्जनने त्यांना तपासलं. पोट पुन्हा उघडून बघा, असं त्यांनी तेव्हाच सुचवल्याचं वादींचं म्हणणं होतं. ते झालं नाही. १९ जुलैला त्याच सर्जनना पुन्हा बोलावलं, त्यांनी जुनी जखम उघडली, आणि आत मॉप सापडला. रक्त टिपायचं कापड. भोवती पू. तो काढला, पोट बंद केलं. २४ जुलैला त्या वारल्या. मुलगा चौदा दिवसांचा होता.

सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेल्या माणसाला इथे फार कल्पना करावी लागत नाही. पोटाच्या पोकळीत परकं कापड राहिलं की ते जंतूंना आयतं घर मिळतं. सहा दिवस हा मोठा काळ आहे.

पती आणि मुलांनी पावणेदोन लाखांचा दावा लावला. औरंगाबादच्या दिवाणी न्यायालयाने ३६,००० रुपये मंजूर केले. उच्च न्यायालयाने तो हुकूमनामा उलटवला. तिथे शासनाला सोडवताना आधार होता तो सार्वभौम कार्याचा: सरकारी रुग्णालयातल्या चुकीसाठी सरकारला दिवाणी दाव्यात ओढता येत नाही. शिवाय वैद्यकीय बाजूने एक युक्तिवाद असा होता की पोटातला दाह दुसऱ्या शस्त्रक्रियेमुळे झाला. फेब्रुवारी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही मुद्दे मोडून काढले. रुग्णालय चालवणं म्हणजे राजसत्ता गाजवणं नव्हे, तेव्हा शासन जबाबदार. आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेने दाह झाला असं मानलं तरी, मॉप आत राहिला नसता तर दुसरी शस्त्रक्रिया लागलीच नसती. "रेस इप्सा लॉक्विटर", म्हणजे घडलेली गोष्टच बोलते, हे तत्त्व इथे लागू झालं. पोटात कापड सापडलं, आता वादीने आणखी काय सिद्ध करायचं? मूळचे ३६,००० कायम झाले. तोवर १० जुलै १९६३ ला जन्मलेला मुलगा बत्तीस वर्षांचा होता.

आता आपला रकाना. वादींच्या म्हणण्यानुसार, १९ जुलैच्या शस्त्रक्रियेत पहिली शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी मदतनीस म्हणून भाग घेतला होता. सहा दिवसांपूर्वीची मुख्य सर्जन आता टेबलाच्या पलीकडे. मग क्षणभर तो नाकारलेला युक्तिवाद खरा धरा: समजा हानी दुसऱ्या शस्त्रक्रियेनेच झाली असती. तर मदतनीस म्हणून त्यांच्यावर काय आलं असतं? न्यायालयाला या प्रश्नात शिरावंच लागलं नाही, कारण कारणांची साखळी पहिल्या मॉपपर्यंत मागे नेता आली आणि पैसे शासनाकडून मिळणार होते. कॅसिडीचीच गोष्ट औरंगाबादेत पुन्हा घडली. रुग्णाला न्याय मिळाला, उशिरा का होईना, पण "कोणाचा हात?" तसाच राहिला.

माझा मुद्दा असा आहे: दिवाणी कायद्यात जबाबदारी वर चढत जाते. मदतनिसाकडून सर्जनकडे, सर्जनकडून रुग्णालयाकडे, रुग्णालयाकडून शासनाकडे. मदतनीस सुटतो असं नाही. तत्त्वतः एकाच हानीला कारण झालेले सगळे एकत्र आणि वेगवेगळे जबाबदार धरता येतात, आणि "मी फक्त मदत करत होतो" हा बचाव कोणत्याही कायद्यात लिहिलेला नाही. पण भरपाई मागणारा माणूस निवासी डॉक्टरच्या स्टायपेंडकडे बघत नाही. वकीलही त्याला प्रतिवादी करण्यापेक्षा साक्षीदार करणं पसंत करेल. म्हणून या प्रश्नावर निकाल कमी सापडतात. "निकाल नाही म्हणजे जबाबदारी नाही" असा निष्कर्ष प्रबंधात काढलात तर व्हायव्हामध्ये अडकाल.

फौजदारी कायद्यात मात्र चित्र उलटं होतं, आणि ते बघायला मुंबईला जावं लागतं.

डिसेंबर १९८७. एका सनदी अधिकाऱ्याच्या पत्नीला कर्करोग होता. न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रियेचा उपयोग नाही असं सांगितलेलं होतं. मुंबईत परतल्यावर प्रख्यात कर्करोग शल्यविशारद डॉ. पी. बी. देसाई यांनी शस्त्रक्रियेचा सल्ला दिला. २२ डिसेंबरला बॉम्बे हॉस्पिटलमध्ये पोट उघडलं ते डॉ. ए. के. मुखर्जी यांनी. आत पाणी साचलेलं, आतडी एकमेकांना चिकटलेली. डॉ. देसाईंना विचारलं गेलं, आणि त्यांच्या सांगण्यावरून पुढे काही न करता पोट बंद करण्यात आलं. ज्यांच्या हातून शस्त्रक्रिया होणार या विश्वासावर कुटुंब आलं होतं, त्यांनी सुरी हातात घेतलीच नाही. पुढे फिस्टुला झाला, हाल झाले, आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये त्या वारल्या.

महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलने डॉ. देसाईंना समज दिली. फौजदारी खटल्यात २०११ मध्ये दंडाधिकाऱ्यांनी त्यांना दोषी धरलं, शिक्षा कोर्ट उठेपर्यंतची कैद आणि दंड. कलम बघा: भारतीय दंड विधान ३३८, सोबत १०९. ३३८ म्हणजे निष्काळजी कृत्याने गंभीर दुखापत, १०९ म्हणजे चिथावणी किंवा अपप्रेरणा. ही जोड का लागली असावी? पोट उघडण्याचं कृत्य दुसऱ्याच्या हातून झालं होतं. फौजदारी कायद्याला कृत्य आणि ते करणारा माणूस लागतो, "माझ्या मालकाकडे जा" हे तिथे चालत नाही. मुख्य डॉक्टरपर्यंत पोचायला एक पूल बांधावा लागला. सप्टेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला नाही आणि डॉ. देसाईंना निर्दोष सोडलं. पण त्याच निकालात हेही आहे की एकदा रुग्ण स्वीकारल्यावर त्यांचं कर्तव्य होतं, त्यात कसूर झाली, आणि दिवाणी जबाबदारीचा प्रश्न वेगळा. हा निकाल वाचून अनेकांना राग येतो. मलाही आला होता. पण शांतपणे वाचल्यावर वाटतं, दिवाणी आणि फौजदारी यांच्यातली रेघ इतकी स्पष्ट क्वचितच दिसते.

निवासी डॉक्टरांनी यातून घाबरायचं ते एवढ्यासाठी: पैसे वर जातात, गुन्हा मात्र ज्याचा हात त्याच्यापाशी राहू शकतो. जेकब मॅथ्यू खटल्याने (५ ऑगस्ट २००५) डॉक्टरांना मोठं संरक्षण दिलं हे खरं. साधी चूक गुन्हा ठरत नाही, निष्काळजीपणा अतिशय गंभीर प्रतीचा लागतो, आणि खटला चालवण्यापूर्वी दुसऱ्या जाणकार डॉक्टरचं मत हवं. आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ लागू आहे. निष्काळजीपणाने मृत्यूसाठी एरवी पाच वर्षांपर्यंत शिक्षा, पण नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाकडून वैद्यकीय प्रक्रिया करताना घडलं तर दोन वर्षांपर्यंत. "नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिक" हे शब्द पुन्हा वाचा. मदतनीस सर्जन त्यात बसतो. त्याच टेबलाशी मॉप मोजणारी नर्स बसत नाही. माझ्या माहितीतल्या कोणत्याही प्रबंधात यावर प्रकरण नाही. विषय शोधत असाल तर घ्या.

राहिला शिकाऊपणाचा बचाव. इंग्लंडच्या विल्शर खटल्यात (अपील न्यायालय, १९८६) अपुऱ्या दिवसांच्या बाळाला नळी घालताना कनिष्ठ डॉक्टरने धमनीऐवजी शिरेत घातली. पण त्याने वरिष्ठाला तपासायला सांगितलं होतं, आणि वरिष्ठाच्याही ते लक्षात आलं नाही. न्यायालय म्हणालं, कसोटी माणसाच्या अनुभवाची नाही, तो ज्या पदावर काम करतोय त्याची. नवीन आहे म्हणून सूट नाही. तरीही कनिष्ठ सुटला, कारण त्याने विचारलं होतं, आणि वरिष्ठ अडकला. आपल्याकडे स्प्रिंग मेडोज खटल्यात (१९९८) सर्वोच्च न्यायालयाने हीच गोष्ट वरून बघितली: कनिष्ठाला काम झेपणार नाही हे माहीत असून वरिष्ठाने ते सोपवलं तर तो वरिष्ठाचाच निष्काळजीपणा.

आणखी एक, झटकन. समीरा कोहली खटल्यात (२००८) रुग्ण भुलेखाली असताना सहायक डॉक्टर थिएटरबाहेर आल्या आणि गर्भाशय काढण्यासाठी रुग्णाच्या आईची संमती घेऊन आत गेल्या. सज्ञान रुग्णाच्या वतीने अशी संमती चालत नाही, असा निकाल झाला. सही घेणारा हात सहायकाचा, आणि शीर्षकात नाव मुख्य डॉक्टरांचं. माझ्या रकान्यात आणखी एक ओळ.

मावशीला फोनवर यातलं थोडं सांगितलं. विचारता आलं असतं, पण त्यांनी नेमकं काय केलं हे ऑपरेशन नोटमध्ये लिहिलेलं हवं, असं म्हणालो. रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यायचे हा २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेचा नियम आहे, हेही सांगितलं. "मग माग की," ती म्हणाली. मागितले, मिळालेही, कुरकुर न करता. ऑपरेशन नोट एका पानाची आहे, इंग्रजीत. वर तिन्ही नावं आहेत. खाली पोर्ट घातले गेले, सिस्टिक डक्टला क्लिप लावल्या गेल्या, पित्ताशय काढलं गेलं, गॉजची मोजणी बरोबर आढळली. पानभर क्रियापदं आहेत, आणि एकालाही कर्ता नाही.